डोंगराखालचा तोरे

तोरेबद्दल मी आजवर पुष्कळ बोललोय. मंडळाच्या गणपतीत, कुणाकडे जेवायला गेल्यावर, पुण्याहून नोकरीला आलेल्या नव्या मुलांना हॉलंडच्या जुन्या गोष्टी सांगताना. शेजारचा इटालियन म्हातारा, ज्वालामुखीच्या उतारावर जन्मलेला, बोटभर बर्फ पडला तरी छपरावर चढून झाडणारा. लोक हसतात. मग मी त्याच्या स्वयंपाकघरात पातेलं जळाल्याची हकिगत सांगतो, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "काका, तुम्ही शेजारी होतात म्हणून वाचला बिचारा." मी वाढून घेतो, किंवा पाणी पितो.

ती हकिगत मी खोटी सांगत आलो आहे. खरी सांगायची टाळत इतकी वर्षं गेली, की ज्याला सांगायची तोच आता राहिला नाही. त्याची मुलगी कार्ला ब्रेडाला असते. या वर्षीही तिचं नाताळचं कार्ड आलं, "लाडक्या ओम सदाला" असं लिहिलेलं. ओम म्हणजे डचमध्ये काका. लहानपणापासून ती मला तसंच म्हणते. सुनंदाला, माझ्या बायकोला, याची फार गंमत वाटायची, की इथे नुसता काका झाल्यानं माणसाच्या नावाला ओम लागतो. ते कार्ड मी टेबलावर उपडं घातलं, आणि संध्याकाळी लिहायला बसलो.

कापेल आन डेन आयसेल या गावातल्या आमच्या रांगेत सगळी घरं सारखी. पुढे एक मोठी खिडकी, मागे पट्टीसारखी बाग, बागेच्या टोकाला सायकली ठेवायची लाकडी शेड. माझं एकवीस नंबर, त्याचं तेवीस. साल्वातोरे हे त्याचं पूर्ण नाव, पण सगळे तोरेच म्हणत. तो जहाजबांधणीच्या कारखान्यात वेल्डर होता. दोन वर्षांसाठी म्हणून तरुणपणी आला, रिया नावाच्या डच मुलीशी लग्न केलं आणि राहिला. मीही तसाच. अलिबागहून मुंबईला गेलो, मुंबईच्या गोदीत आराखडे काढायला शिकलो, आणि पाच वर्षांसाठी म्हणून इथे आलो. मला येऊन पंचेचाळीस वर्षं झाली. मी साधा ड्राफ्ट्समन, पण तोरे मला पहिल्या दिवसापासून 'इंजेन्येरे' म्हणायचा, म्हणजे इंजिनिअर. त्यात मान कमी आणि टोमणा जास्त.

"तू कागदावर जहाज बांधतोस," तो म्हणायचा. "कागदावर सगळीच जहाजं तरंगतात."

"आणि तू जोडलेली?"

"मी जोडलेली तू काढल्यासारखी निघाली असती, तर सगळी बुडाली असती. मी तुझ्या चुका वितळवून टाकायचो."

बुटका, रुंद, हातांवर ठिणग्यांचे पांढरे ठिपके. डच बोलायचा तो जोरात आणि व्याकरण बाजूला ठेवून. साठ वर्षांत त्याचा उच्चार तसूभर सुधारला नाही, आणि सुधारावा असं त्याला कधी वाटलंही नाही. टोपी घरातही डोक्यावर. झोपताना बूट पलंगाशी दरवाज्याकडे तोंड करून ठेवलेले आणि पँट खुर्चीवर अशी घातलेली, की उठून थेट पाय घालता यावेत. हे मला रियानं सांगितलं होतं. "चाळीस वर्षं मी बंबवाल्याशेजारी झोपते आहे," ती म्हणायची.

त्याचं गाव व्हेसुव्हियसच्या उतारावरचं. गावाचं नाव मी देत नाही. लहान आहे, माणसं एकमेकांना ओळखतात. तिथले लोक त्या ज्वालामुखीचं नाव घेत नाहीत, नुसतं 'डोंगर' म्हणतात. डोंगरावर ढग आहे, म्हणजे दुपारी पाऊस. डोंगर आज जवळ दिसतो, म्हणजे वारा फिरणार. तोरेही इथे बसून तसंच म्हणायचा. टीव्हीवर कधी त्याचं चित्र आलं, की आवाज बंद करायचा. "त्याच्याबद्दल परक्यांनी बोललेलं मला चालत नाही."

डोंगराचा शेवटचा उद्रेक झाला तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि तोरे सहा वर्षांचा होता. ही गोष्ट तो फार क्वचित सांगे, आणि सांगताना हसे. आकाशातून राख आणि खडे पडायला लागले तेव्हा आईनं त्याच्या डोक्यावर तांब्याची कढई उपडी बांधली. नुन्झियाच्या, म्हणजे धाकट्या बहिणीच्या, डोक्यावर उशी. कढईवर खडे वाजायचे, त्याला मजा वाटायची. बाप मात्र खाली आला नाही. तो फावडं घेऊन गच्चीवर राख ढकलत राहिला, दिवसभर आणि दुसऱ्या दिवशीही. शेजारच्या घरात कुणी वर गेलं नाही. राख मऊ असते, पिठासारखी, माणसाला वाटतं काय होणार आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं छप्पर खाली बसलं. खाली माणसं जेवत होती.

"आग दिसते, म्हणून माणूस पळतो," तोरे म्हणायचा. "वजन दिसत नाही. ते हळूहळू येतं."

म्हणून इथे बर्फ पडला, की तोरे शिडी लावायचा. आधी स्वतःची शेड, मग माझी. आम्ही किती समजावलं, की हे छप्पर हातभर बर्फही सहज पेलेल. मी तर आकडेमोड करून कागद दाखवला. त्यानं तो घडी करून खिशात ठेवला आणि वर चढला. त्याची सत्तरी उलटली, ऐंशीही उलटली. मी खाली शिडी धरून उभा, आणि पलीकडची डच शेजारीण खिडकीतून हात हलवतेय, असं ते दरवर्षीचं दृश्य.

त्याच्या शेडमध्ये आढ्याला लहान टोमॅटोंचे घोस टांगलेले असत. त्याच्या गावची ती रीत. देठासकट सुतळीत ओवून टांगायचे, म्हणजे हिवाळाभर टिकतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमच्या घरच्या पांढऱ्या कांद्यांच्या वेण्या आठवल्या. मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "मग तू सुधारण्यासारखा आहेस."

एका ऑक्टोबरात आम्ही दोघं नवराबायको त्याच्याबरोबर त्याच्या गावाला गेलो. रिया नुकतीच गेली होती. एकट्यानं जायला त्याचे पाय उचलत नव्हते. नेपल्सहून एक लहान आगगाडी डोंगराला वळसा घालत जाते. गावात उतरलो आणि सुनंदानं विचारलं, "डोंगर कुठाय?" तोरेनं पायाखालच्या काळ्या फरशीवर टाच आपटली. "हा काय. तुम्ही त्याच्यावर उभे आहात." खरोखरच गल्ल्यांतून डोंगर दिसत नाही. गच्चीवर गेलं तरच दिसतो, आणि मग दुसरं काही दिसत नाही.

नुन्झिया त्या जुन्याच घरात एकटी राहायची. अंगणात जर्दाळूचं झाड, कोंबड्या, आणि भिंतीच्या खिळ्यांवर टोमॅटोंचे घोस. बहीणभावांनी भेटल्याबरोबर भांडायला सुरुवात केली. तू बारीक झालीस, तू जाड झालास, तू फोन करत नाहीस, तू उचलत नाहीस. सुनंदाला इटालियन येत नव्हतं, नुन्झियाला दुसरं काही येत नव्हतं, आणि दोघी दुपारभर शेंगा सोलत अखंड बोलत होत्या. सुनंदा मराठीत, ती तिच्या बोलीत.

त्याच सुमारास गावात सरकारी माणूस सभा घ्यायला आला होता. ते नुन्झियानं आम्हाला करून दाखवलं, तोरे भाषांतर करत होता. डोंगर जागा होण्याची चिन्हं दिसली, तर आम्ही तीन दिवस आधी कळवू, तो साहेब म्हणाला. प्रत्येक गावाला दूरचा एक एक प्रांत नेमून दिलेला आहे. बस येतील.

"मी विचारलं, डोंगर तुम्हाला तीन दिवस आधी पत्र लिहिणार आहे का?" नुन्झिया म्हणाली. "मग विचारलं, त्या प्रांतात मला ओळखणारं कोण आहे? तो म्हणाला, सिन्योरा, कुणी नाही. मी म्हटलं, मग तिथे मेले तर रडायला कोण येईल?"

"तो काय म्हणाला?"

"त्यानं लिहून घेतलं."

मी तिला विचारलं, की भीती वाटत नाही का. तोरेनं भाषांतर केलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीही त्या सभेतला साहेब होतो. मग तिनं उलट विचारलं. तोरे हसत सुटला.

"ती विचारते आहे, तुम्ही हॉलंडमध्ये समुद्राच्या खाली राहता म्हणे, तुम्ही का पळत नाही?"

परत आल्यावर हा प्रश्न तोरेनं सोडला नाही. आमची वसाहत खरोखरच पाण्याच्या पातळीखाली आहे. रोज दुपारी आम्ही दोघं पायऱ्या चढून नदीच्या बांधावर जायचो आणि तिथल्या बाकावर बसायचो. एका बाजूला नदी भरतीनं फुगलेली, दुसऱ्या बाजूला खाली आमची छपरं. मालवाहू होड्या आमच्या घरांच्या धुराड्यांपेक्षा उंचावरून जायच्या. "बघ," तो म्हणायचा. "आगीखालून निघालो आणि पाण्याखाली येऊन बसलो. माणसाच्या डोक्यावर काहीतरी असायचंच."

सुनंदा गेल्यानंतर त्या बाकाशिवाय मला दिवस नव्हता. मुलगी मुग्धा दुसऱ्या गावी, उइटहॉर्नला. चांगली आहे, रोज फोन करते. मी मराठीत बोलतो, ती डचमध्ये उत्तर देते, आणि चाललंय. पण घरात चार वाजता अंधार पडायचा, समोरच्या रांगेतल्या सारख्या खिडक्यांत सारखे दिवे लागायचे, आणि माझ्याशी बोलणारं माणूस भिंतीपलीकडे एकच होतं. सकाळी त्याच्या बाजूचा नळ वाजला, की मी उठायचो. अलिबागला परतण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाऊ गेले, घरात त्यांची मुलं-सुना. मी त्या रांगेत, त्या खिडकीमागे अडकलो होतो, आणि त्यातला माझा एकुलता एक दरवाजा तेवीस नंबरचा होता. हे आधी सांगतो, सबब म्हणून नव्हे. पुढचं कळायला लागेल म्हणून.

त्या हिवाळ्यात माझ्याकडून एकदोन गोष्टी झाल्या होत्या. गाडी एका चुकीच्या वळणाला लागली आणि मी तासभर ओळखीच्या रस्त्यांवर फिरत राहिलो. न्हाणीघरातला नळ चालू राहिला, खालचं छत भिजलं. मुग्धा आली, तिनं छताकडे पाहिलं, आणि या वेळी मुद्दाम मराठीत म्हणाली, "बाबा, अजून एकदा असं झालं ना, तर तुम्ही उइटहॉर्नला येणार. मी ऐकणार नाही." तिच्या घराजवळ वृद्धांसाठीची एक इमारत होती. तिनं अर्जही आणला होता. हे मी तोरेला बाकावर सांगितलं होतं, शब्द न शब्द.

फेब्रुवारीत बर्फ पडला. तोरेनं शिडी लावली, मी धरून उभा राहिलो. हात बधिर झाले म्हणून म्हटलं, चहा टाकतो. आमचा चहा म्हणजे दुधात उकळलेला. डच लोक पिशवी बुडवतात, तोरे चहा पीतच नाही. मी त्याच्या स्वयंपाकघरात गेलो, माझ्यासाठी तिथे ठेवलेलं पातेलं घेतलं, दूध-पाणी-चहा घालून गॅसवर ठेवलं. तेवढ्यात तो वरून ओरडला, "इंजेन्येरे! शिडी!" मी धावलो. तो खाली उतरला, म्हणाला, नदीच्या कडेला बर्फ धरलाय, चल बघू. आणि आम्ही गेलो. पाऊण तास नदीकडे पाहत होतो.

परतलो तेव्हा रस्त्यात लाल गाडी उभी होती. तेवीस नंबरच्या दारातून धूर येत होता आणि धुराची घंटा अजून किंचाळत होती. पलीकडच्या शेजारणीनं फोन केला होता. फार जळलं नव्हतं, एक कपाट आणि भिंत. अग्निशामक दलाचा माणूस बाहेर आला, उंच, पोरगेलासा. त्याच्या हातात ते काळं पातेलं होतं. त्यानं आम्हा दोघांकडे पाहून विचारलं, "हे गॅसवर कुणी ठेवलं होतं?"

मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण तोरेनं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मी," तो म्हणाला. "म्हातारा झालोय. विसरलो."

आणि माझ्याकडे वळून त्यानं डोळा मारला. मुग्धाचा अर्ज त्याला ठाऊक होता. त्याच्या लेखी ती साधी गोष्ट होती. कारखान्यात एकमेकांची चूक अंगावर घेतात, तशी. संध्याकाळी कार्ला ब्रेडाहून आली, तिनं काळी भिंत पाहिली आणि बापाला खूप बोलली. तो मान खाली घालून, टोपीखालून माझ्याकडे पाहून हसत होता. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून भिंत घासली.

मार्चच्या शेवटी नुन्झियाचा फोन आला. ती पडली होती, हाड मोडलं नव्हतं, पण घाबरली होती. तिनं भावाला सांगितलं, "यायचं असेल तर मी दार उघडायला आहे तोवर ये." तोरेनं फोन ठेवला आणि भिंतीवर ठोकून मला बोलावलं.

"मी जातोय," तो म्हणाला. "ईस्टर झाला की. कायमचा."

मी विचारलं, "आणि हे घर?"

"हे घर काय? हे सगळ्यांसारखं आहे. तुला कळणारही नाही कोणतं माझं होतं ते."

त्याला इतक्या आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. साठ वर्षं दारच्या दिशेनं ठेवलेल्या बुटांत पाय घालायचे दिवस आले होते. टोमॅटोचं बी वेगळं काढलं, शिडी मला देऊन टाकली. मी 'हो हो' म्हणत होतो, आणि घरी येऊन खिडकीत बसत होतो. सुनंदा गेली तेव्हाही मला इतकं गुदमरलं नव्हतं, कारण तेव्हा भिंतीपलीकडे नळ वाजत होता.

एका शनिवारी कार्ला माझ्याकडे आली. कोट काढला नाही, तशीच स्वयंपाकघरात बसली.

"ओम सदा, मला पप्पांना अडवायचं नाहीये. त्यांचं आयुष्य आहे. पण तिकडे दोघं म्हातारी, घरात सिलिंडर, जवळ कुणी नाही. आणि ते पातेलं माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही रोज बघता त्यांना. खरं सांगा, ते विसरतात का?"

इथे खरं सांगणं किती सोपं होतं! एक वाक्य. ती हसली असती, कदाचित रागावली असती, पण हायसं वाटून निघून गेली असती. आणि तोरे ईस्टरनंतर त्याच्या गच्चीवर उभा असता.

मी म्हणालो, "थोडंफार होतं विसरणं. या वयात होतंच."

"म्हणजे पातेलं पहिल्यांदाच नव्हतं?"

मी मान हलवली. कशी हलवली ते सांगता येणार नाही. आपली मान अशी हलते, की इथल्या माणसाला हवा तो अर्थ घेता येतो, आणि मी ते ठाऊक असूनच हलवली.

मंडळात मी इथेच थांबतो. म्हणतो, मुलीनं विचारलं, मी काळजीनं सांगितलं, आणि म्हातारा वाचला. पुढचा भाग कुणालाच ठाऊक नाही.

कार्लानं त्याला काय सांगितलं माहीत नाही. सोमवारी तो बाकावर आला, पण नदीकडे पाहत नव्हता. टोपी हातात होती. बराच वेळ टोपीची कड फिरवत राहिला. मग म्हणाला, "इंजेन्येरे, एक विचारू? हसू नकोस."

"विचार."

"ते पातेलं. मी हात वर केला, ते आठवतं. तुला डोळा मारला, ते आठवतं. पण ठेवलं कुणी होतं? मला वाटत होतं तू. चहा. पण कार्ला म्हणते तूच तिला सांगितलंस, की मी विसरतो. तू खोटं कशाला बोलशील? मग काल सारी दुपार मी आठवायचा प्रयत्न करत होतो, आणि आता मला माझा हात दिसतो, गॅसचं बटण फिरवताना. मी ठेवलं होतं का रे?"

खाली छपरं होती. एक होडी गेली, तिच्या लाटा बांधाला लागल्या, थांबल्या. त्यानं मला भरपूर वेळ दिला.

मी म्हणालो, "तूच ठेवलं होतंस."

त्यानं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. मग अगदी हळू, त्याच्या नेहमीच्या जोरात नव्हे, म्हणाला, "मग मी जाऊ शकत नाही. नुन्झियाचं घर मी जाळीन. डोंगरानं एवढ्या वर्षांत जे केलं नाही, ते मी करीन."

कार्लानं त्याला अडवलं नव्हतं. हाउसआर्ट्सनं, म्हणजे आमच्या घरच्या डॉक्टरनंही नाही. डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं, की वयाच्या मानानं ठीक आहे. त्याला मी अडवलं, त्याच्याच आठवणीत माझा हात घालून. आणि तो इतका सरळ माणूस, की मित्राच्या शब्दापुढे त्यानं स्वतःची आठवण खोटी मानली. त्या दिवसापासून तो घाबरून वागू लागला. बाहेर पडताना गॅस तीनदा बघायचा, अर्ध्या वाटेतून परत जायचा. मग स्वयंपाकच बंद केला. मग एकटं राहण्याचीच भीती वाटू लागली. माणसाला आपण विसरतो असं एकदा पटलं, की तो खरोखरच विसरायला लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

शरद ऋतूत तो स्वतःच कार्लाला म्हणाला, "मला कुठेतरी ठेव, जिथे गॅस नसेल." तिनं ब्रेडाजवळच्या वृद्धाश्रमात जागा मिळवली. मला ज्याला जाऊ द्यायचं नव्हतं, तो असाही गेलाच. तेवीस नंबरमध्ये एक तरुण जोडपं आलं. चांगली आहेत, हात हलवतात. त्यांचा नळ वाजत नाही, त्यांनी सगळे पाइप बदलून घेतले. नुन्झिया पुढच्या वर्षी तिच्या पलंगावर झोपेत गेली, गावातच. डोंगरानं काहीही केलं नाही. पुढे वर्षभरात मुग्धानं मला उइटहॉर्नला आणलंच. कारण वेगळं होतं, गुडघे.

तोरेला भेटायला मी ब्रेडाला तीनदा गेलो. पहिल्या दोन वेळी कार्ला होती म्हणून बोलता आलं नाही, किंवा तसं मी स्वतःला सांगितलं. तिसऱ्या वेळी मुद्दाम आठवड्याच्या मधल्या वारी गेलो, एकटा. आगगाडीत बसून वाक्य तयार केलं. डचमध्ये, साधं, चुकणार नाही असं. तोरे, ते पातेलं मी ठेवलं होतं, तू काहीही विसरला नव्हतास, मी एकटा पडेन म्हणून खोटं बोललो, मला क्षमा कर. उट्रेख्ट येईपर्यंत पाठ झालं होतं.

तो तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये खिडकीशी बसला होता. बारीक झाला होता, टोपी मोठी वाटत होती. मला ओळखलं, लगेच. खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. टेबलाशी दोन म्हाताऱ्या आणि कॉफी देणारी एक बाई होती. त्यांना तो त्याच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "हा माझा मित्र. इंजेन्येरे. मी घर जाळायला निघालो होतो, यानं मला थांबवलं. माझ्या बहिणीला यानं वाचवलं."

त्या बाया कौतुकानं माझ्याकडे पाहून हसल्या. कॉफीवालीनं मला दोन बिस्किटं जास्त दिली.

मी तासभर बसलो. त्यानं मुग्धाची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची केली. सुनंदा कशी आहे, विचारलं. मी म्हटलं, बरी आहे. डोंगराबद्दल तो एक शब्द बोलला नाही. खिडकीबाहेर सपाट शेतं होती आणि त्यापलीकडे हमरस्ता. निघालो तेव्हा हट्टानं लिफ्टपर्यंत आला, चालायला दिलेल्या चाकांच्या चौकटीवर रेलत, दर चार पावलांना थांबत. लिफ्ट आली. मी आत गेलो. दार मिटायला लागलं, तेवढ्यात त्यानं आपली चाकं फटीत घातली, आणि दार पुन्हा उघडलं.

"इंजेन्येरे," तो म्हणाला, "आल्यापासून तुझ्या तोंडात काहीतरी आहे. बोल ना. काय राहिलंय?"

कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं. दार उघडं होतं, तो वाट पाहत होता. वाक्य मला पाठ होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "इथे गार वारा येतो. तू आत जा."